ताटलीतले मोकळे वर्तुळ

मी एक जुनी काचेची ताटली आहे, मित्रांनो. माझ्यात माणूस कधीच जेवला नाही. जेवले ते जंतू. प्रयोगशाळेतल्या बाई माझ्यात जेलीसारखा थर ओतायच्या, त्यावर दात किडवणारे जंतू पसरायच्या आणि मला उबदार कपाटात ठेवायच्या. काम संपले की कडक वाफेत माझी चांगलीच हजेरी घेतली जाई. पण माझी तक्रार नव्हती.

बाई वनस्पतींचे अर्क तपासत. एकदा त्यांनी थरात बारीक खळगा पाडून पेरूच्या पानांचा अर्क सोडला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय, सगळीकडे जंतूंची पांढुरकी साय आणि खळग्याभोवती मात्र मोकळे, स्वच्छ वर्तुळ! माझे फोटो निघाले. बाईंचे साहेब म्हणाले, "कमाल केलीत!" मी तर हवेतच होते.

बाईंची मुलगी छकुली शाळा सुटली की तिथेच येऊन बसायची. तिची दाढ किडली होती, तीही दुधाची नव्हे, कायमची.

"आई, खूप ठणकतंय गं."

"अगं, आपलं औषध आहे ना! बघ, जंतूंचं कसं पानिपत झालंय." बाईंनी मला तिच्यापुढे धरले आणि अर्कात भिजवलेला कापसाचा बोळा दाढेत ठेवला. मग रोजच ठेवत राहिल्या. दातांच्या डॉक्टरांकडे जायचे राहूनच गेले. छकुलीही काही बोलेना, तेव्हा बाईंना वाटले, गुण आला.

एके दिवशी तिचा गाल टम्म सुजला. दाढ काढावी लागली.

"डॉक्टर म्हणाले, तोंडात अर्क लाळेनं धुऊन जातो, आणि कीड तर पार आत गेली होती," बाई मैत्रिणीला सांगत होत्या. "आधी आणलं असतं तर दाढ वाचली असती. दुसऱ्या कुणी विचारलं असतं ना, तर मीच म्हटलं असतं, हे अजून औषध नाही. पोटच्या पोरीला मात्र..."

ती दाढ त्यांनी माझ्यातच ठेवली आहे. माझ्यात आता दुसरे काही ओतत नाहीत. ते वर्तुळ खोटे नव्हते, मित्रांनो, पण ते काचेवरचे होते. फार वाईट वाटते मला.

म्हणून सांगते, दात दुखला तर घरी सांगा. थांब म्हणाले तरी पुन्हा सांगा. छकुलीने पुन्हा सांगितले नाही. आईला इतक्या आनंदात तिने कधी पाहिले नव्हते.