कुंदाला दाखवायचा दिवस

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही म्हण ज्याने केली त्याने कुंदाला पाहिलं असणार, असं मिठबावात लोक हसून म्हणत. हसणाऱ्यांचं काय जातं? कुंदा सात वर्षांची. शाळेत मुलांना ओचकारायची, पाट्या फोडायची, घंटा झाली की कानांवर हात दाबून किंचाळत समुद्राच्या पुळणीकडे धाव घ्यायची. आणि त्या शाळेचे हेडमास्तर तिचेच वडील, सदानंद मास्तर. गावभरच्या पोरांना वळण लावणाऱ्याच्या घरात हे! मास्तरांचं नाक रोज कापलं जात होतं.

तिच्या आईला, सुभद्रेला, मात्र पक्कं ठाऊक होतं की पोर वेडी नाही. अंगणात कुणी नसलं की कुंदा शांत बसून विचारायची, "आये, भरतीचा पाणी मगे खंय जाता?" वेडं मूल असं विचारतं का? पण आईचं ऐकतो कोण!

देवाला कौल लावून झाला, दृष्टी काढून झाल्या, मास्तरांची छडीही मोडून झाली. शेवटी मास्तरांनीच ठरवलं. मुंबईचे मेंदूचे मोठे डॉक्टर मे महिन्यात मालवणला आपल्या घरी येतात, त्यांना दाखवायचं. ते म्हणाले शिकेल, तर जूनपासून मास्तर तिला आपल्या पुढ्यात बसवून शिकवणार. नाही म्हणाले, तर रत्नागिरीला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं. सुभद्रेला हायसं वाटलं. एवढा शिकलेला माणूस, त्याला दिसेलच की.

निघायच्या सकाळी मात्र तिचा धीर सुटला. एसटीत पोर किंचाळली तर? डॉक्टरांनाच चावली तर? सासू, अक्का, चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "जायफळ दी गो तिका. लग्नाक जाताना सगळी देतत. शाणी दिसात."

चार माणसांत न्यायचं मूल आमच्याकडे असंच, जायफळाने गुंगवून नेतात. सुभद्रेने सहाणेवर जायफळ उगाळून दुधात कालवलं. दोन वेढे पुरले असते. तिने भीतीपोटी आणखी उगाळलं. मास्तर दारात उभे राहून बघत होते. मग वेणीफणी झाली, नवा झगा आला. अहो, दुखणं दाखवायला निघालात ना? मग ते झाकून कशाला नेता? पण ही अक्कल त्या घरात तेव्हा कुणालाच सुचली नाही.

डॉक्टर भला माणूस होता. मालवणच्या घराच्या पडवीत रोग्यांची गर्दी असूनही त्याने कुंदाला जवळ घेतलं, नाव विचारलं, किल्ली दाखवली, चित्र दाखवलं. कुंदाची मान कलली. ओठांतून लाळ गळून झग्यावर पडली. डॉक्टरांनी टाळी वाजवली, तरी तिने डोळे पुरते उघडले नाहीत.

"मेंदूची वाढ नाही, मास्तर," डॉक्टर हळूच म्हणाले. "हिला शाळेचा उपयोग नाही."

"मी तिका जायफळ दिलंय!" सुभद्रा सगळ्यांदेखत ओरडली. "ती अशी नाय!"

डॉक्टरांनी चमकून मास्तरांकडे पाहिलं. "काही दिलंय हिला?"

मास्तर कचेरीतल्या स्वच्छ मराठीत म्हणाले, "छे हो! शिक्षकाच्या घरात असले प्रकार कसे होतील? आईची माया आहे, दुसरं काय."

डॉक्टरांनी मान हलवली. अशा आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांनी पुढच्या रोग्याला बोलावलं.

परतताना खाडीच्या होडीत कुंदा जागी झाली. तिने डोळे चोळत इकडेतिकडे पाहिलं. "आये, डॉक्टर खंय?"

"भेटान इलंव गो."

"मगे माका कित्याक नाय उठवलंस?"

सुभद्रेने मास्तरांचा हात धरला. लोकांदेखत तिने नवऱ्याला असा हात कधी लावला नव्हता. "आयकलात? अजून दिवस आसा. परत जावया. तुमी सांगा तेंका."

"आता खंयच्या तोंडान सांगू?" मास्तर पाण्याकडे बघत म्हणाले. "मी खोटो पडतलंय."

"आणि आपला चेडू?"

मास्तरांनी हात सोडवून घेतला. सुभद्रेला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःच्या हातांचा.

पाऊस लागायच्या आत मास्तर कुंदाला घेऊन रत्नागिरीला निघाले. एसटीच्या पायरीवर ती थांबली, मागे वळली.

"आये, तू पण येतलंस ना?"

"येतंय गो. तू हो फुडे," सुभद्रा म्हणाली. तिला स्वतःला तिकडे कुणी नेणार नव्हतं.