शिडदेशाची माती

वाघाच्या भेवानं आमच्या गावात नाटक भर दुपारी ठेवलं होतं. नागभीडचे दादाजी नाटकवाले, त्याईनंच लिहलं होतं. समुद्रातून परके लोक येतेत, मुलूख जिंकाले. त्याईचं गलबत खडकावर फुटते, माघारी जाची सोय राहत नाई, मंग तिथंच ते आपला देश मांडतेत. नाव ठेवतेत शिडदेश. तिथली लोकं त्याईले कंदमुळं देतेत, पानी दाखवतेत, आन् त्या लोकाईचा म्हातारा मुखिया कप्तानाच्या हातात मूठभर माती देते. झाला देश! समुद्र मी काई पाह्यला नाई, पन असे पाहुणे मले नवे वाटले नाई.

मुखियाचं काम दादाजीनं आमच्या बुढ्याले देल्लं. जंगू, माझा नवरा, गावाचा भूमिया. पेरणीच्या आधी घरोघरचं बियाणं देवापुढं ठेवाचं, भूमियानं ते आपल्या हातानं वाटाचं, तवाच कोणी नांगर धराचा. त्याचा बापबी तेच करे, आजाबी तेच. त्या मानासाठी बुढा जीव देईल, मले माहीत आहे.

तरी त्यानं केलं ते केलंच. मातीसाठी दादाजीनं ताटलीत गेरू लावलेला भुसा ठेवला होता. बुढ्यानं ताटली बाजूले सारली, वाकला, पायाखालची माती उचलली आन् कप्तानाच्या ओंजळीत टाकली. कप्तान म्हणजे दादाजीचा पोरगा, अजय. त्यानं ती कोटाच्या खिशात टाकली आन् छाती फुगवून म्हणे, "आजपासून ही भूमी आमची!" बाहेरगावची लोकं टाळ्या वाजवून राह्यली. आमच्या गावातल्या एकाचाबी हात उठला नाई.

घरी आल्यावर मी म्हटलं, "काऊन जी, तो भुसा काय चावत होता?"

"हातानं खोटं कसं देऊ, नीला?" म्हणे.

माझं तर डोस्कंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी गाव पंचायतीले बसलं. कोणी शिवी देल्ली नाई, तेच वाईट. भूमियानं आपल्या हातानं माती देल्ली तर ती गेली, म्हणे, नाटक असो का काईबी असो. तीच माती परत आणली तर मान राहील. बुढा एसटीनं नागभीडले गेला. अजय हसला नाई, पोरगा भला आहे. "काका, कोट धुतला तवा वाहून गेली," म्हणे. मंग आंगनातल्या कुंडीतली माती पिशवीत भरून देऊन राह्यला. बुढा रिकाम्या हातानं माघारी आला. मी म्हटलं, आणाची होती ना ती पिशवी, कोण ओळखते? तवापासून त्यानं माझ्यासंग बोलणं टाकलं.

बियाण्याच्या दिवशी मान सुकलूले गेला, आमच्या पुतण्याले. लोकं टोपल्या घेऊन ओळीनं बसली. बुढाबी बसला, पार शेवटी, दुपट्टा पसरून. सुकलू वाटत वाटत त्याच्यापाशी आला आन् थांबला. पोराचे डोळे भरले होते. ज्याची माती गेली तो गावात पाहुना, आन् पाहुन्याले आमच्यात बियाणं देत नाई, भात देतेत. सुकलूनं पळसाच्या पानावर भात वाढला, मीठ ठेवलं, आन् दोनी हातानं काकापुढं सरकवला.

त्याच्या जागी मी असती तर ते पान लाथाडलं असतं. बुढा मान खाली घालून सारा भात जेवला. मंग आपल्याच गावात, परक्याच्या दारी मागतेत तसं, हात धुवाले पानी मागितलं.