जास्त भरलेल्या तीन स्ट्रिप

एक मिलिग्रॅमच्या तीन स्ट्रिप जास्त भरत होत्या. ताईने त्या काउंटरवर पुन्हा पसरल्या आणि बोटाने सरकवत एकेक मोजली. तीन जास्तच. मग तिने शेजारचे पाच मिलिग्रॅमचे खोके उघडले. त्यात तीन कमी होत्या.

पुढच्या आठवड्यात औषध निरीक्षक येणार होत्या, म्हणून ताई दुपारपासून कपाटे लावत होती. मुदत संपलेली औषधे वेगळी काढून झाली होती, फ्रिजचे तापमान वहीत चढले होते, झोपेच्या गोळ्यांचे कुलूप दोनदा ओढून पाहिले होते. सव्वीस वर्षांत या दुकानावर एकही शेरा आला नव्हता. ताई ते कधी बोलून दाखवत नसे, पण दर तपासणीनंतर दोन दिवस तिची चाल वेगळी दिसे.

रक्त पातळ करणारी ही गोळी गावात दोघेच घेत. पाचची घेणारी शिंपीणकाकू महिन्यापूर्वी लेकाकडे राहायला गेली होती. राहिले ड्रायव्हरकाका. तीस वर्षे गावची बस चालवून निवृत्त झालेले, आणि त्यांना लागायची एकची.

तिने रजिस्टर उघडले. सोमवार, ड्रायव्हरकाका, एक मिलिग्रॅम, तीस गोळ्या. तिचेच नेटके अक्षर. लिहिली होती एकची, हातात दिली होती पाचची. कंपनीने नुकतीच खोकी बदलली होती आणि दोन्हींवर सारखीच निळी पट्टी होती. एकाच औषधाच्या दोन ताकदी शेजारीशेजारी ठेवायच्या नाहीत, अशी सूचना कपाटाच्या दारावर चिकटवली होती, तीही तिनेच. पण सोमवारी मुलीचा फोन आला होता. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून, "हं, बोल तू, ऐकतेय," म्हणत तिने काकांच्या पुढ्यात गोळ्या ठेवल्या होत्या.

काका रोज संध्याकाळी सहाला दोन गोळ्या घेत. सोमवार, मंगळवार, बुधवार. दोन मिलिग्रॅमच्या जागी दहा. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

काकांचा फोन वाजून वाजून बंद झाला. सुनेचा लागेना.

"अहो, दुकान बंद करा," ताई आतल्या खोलीकडे पाहून म्हणाली. नवरा बाहेर आला.

"आत्ता? गिऱ्हाइकं यायची वेळ झाली."

"मी नसताना औषध द्यायचं नाही. बोर्ड लावा." आणि चपला शोधताशोधता तिने त्याला काय ते सांगितले.

नवऱ्याने रजिस्टर स्वतःकडे वळवून पाहिले. "इथं एकचीच लिहिलीय की. मग जा, गोळ्या बदलून आण आणि मोकळी हो. बोभाटा कशाला? निरीक्षक यायच्या तोंडावर?"

ताईने पर्स उचलली. ती निघाली तेव्हा चालत होती. कोपऱ्यावरून वळल्यावर ती पळू लागली. छप्पन्न वर्षांच्या बाईने भर रस्त्यातून पळणे म्हणजे चार दारे उघडणारच, तशी ती उघडली.

काकांची सून अंगणात कपडे काढत होती. "बाबा ना? दाढीला गेलेत. का हो?"

"त्यांच्या गोळ्या दे जरा. बदलून द्यायच्यात."

सुनेने गोळ्या आणून दिल्या. पहिल्या स्ट्रिपमधली सहा घरे रिकामी होती. ताईने तिन्ही स्ट्रिप पर्समध्ये कोंबल्या.

"सकाळी हिरड्यांतून रक्त येत होतं त्यांच्या," सून कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "मी म्हटलं, ब्रश बदला."

ताई तशीच सलूनकडे वळली.

सलूनमध्ये काका खुर्चीत मान मागे टेकून बसले होते. जबड्यावर दाबलेला टॉवेल लाल झाला होता. सलूनवाला तुरटीचा खडा पुन्हा पाण्यात बुडवत होता.

"एवढंसं लागलंय ताई, नखाएवढं. तुरटी लावली, कापूस लावला. पाव तास झाला, थांबेना."

बाकावर बसलेला एक गृहस्थ पेपर खाली करून म्हणाला, "हात जड झाला रे तुझा. आता दुकान पोराच्या हवाली कर."

सलूनवाल्याची मान खाली गेली. ताईने तोंड उघडले. वाक्य तयार होते, अगदी जिभेवर होते. पण तोंडातून निघाले ते, "काका, उठा. दवाखान्यात जाऊ या."

तिने फोन केल्यावर नवऱ्याने गाडी आणली. तालुक्याचा दवाखाना अर्ध्या तासावर होता. ताई मागे काकांच्या शेजारी बसून कापूस दाबत राहिली आणि हळू आवाजात, एकही गोष्ट न गाळता त्यांना सगळे सांगत गेली. काकांनी ऐकून घेतले. मग पुढे वाकून नवऱ्याला म्हणाले, "चढ आलाय, दुसरा टाक. इंजिन रडतंय." आणि पुन्हा मागे टेकले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "हे बघ. डॉक्टरला सांगू की मीच जास्त खाल्ल्या. म्हाताऱ्याच्या लक्षात राहिलं नाही, दिवसातून चारदा घेतल्या. कोण नाही म्हणणार?"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. आरशात नवऱ्याचे डोळे तिला दिसले. त्या डोळ्यांत सुटका होती, आणि तिच्या छातीतही क्षणभर तेच काहीतरी हलले. पुढचा सगळा रस्ता ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रक्त किती पातळ झाले आहे ते तपासायला पाठवले, आकडा आल्यावर भुवया चढवल्या. "हे एवढं कसं वाढलं? आजोबा, किती गोळ्या घेतल्यात?"

"त्याचं काय झालं," काकांनी सुरुवात केली, "मला हल्ली विसरायला होतं..."

"ते बरोबर घेत होते," ताई म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "गोळी मी चुकीची दिली. एकच्या जागी पाच. फार्मासिस्ट मीच आहे." तिने पर्समधल्या तीन स्ट्रिप टेबलावर ठेवल्या.

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिले आणि लिहायला घेतले. काकांना इंजेक्शन मिळाले, दोन दिवस तिथेच ठेवून घ्यायचे ठरले. "आज सापडलं म्हणून बरं," त्या एवढेच म्हणाल्या. घरी पोचल्यावर नवरा म्हणाला, "म्हातारा स्वतःहून म्हणत होता."

"म्हणूनच," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी ती सलूनमध्ये गेली. बाकावर तिघे बसले होते. त्यांच्यासमोर तिने काय घडले ते सांगितले आणि सलूनवाल्याला म्हणाली, "कालच सांगायला हवं होतं. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता." सलूनवाल्याने वस्तरा बाजूला ठेवून हात पुसले, आणि पुन्हा पुसले. मग ती दुकानात आली आणि चूक कळवायचा छापील फॉर्म काढला. सव्वीस वर्षांत त्याचा गठ्ठा कधी सुटला नव्हता. 'कारण' या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली. शेवटी लिहिले, 'फोनवर बोलत होते.' फॉर्मची एक प्रत तिने त्याच दिवशी निरीक्षकांच्या कार्यालयात धाडली.

निरीक्षकबाई पुढच्या आठवड्याची वाट न पाहता तिसऱ्या दिवशीच आल्या. कपाटे पाहिली, फॉर्म वाचला. "रजिस्टर बघून हे कुणालाच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. ताईने मान हलवली. परवाना पंधरा दिवसांसाठी निलंबित झाला.

ते पंधरा दिवस गावाला जड गेले. डोकेदुखीच्या गोळीसाठीही तालुक्याला जावे लागले, आणि येताना लोक बंद दुकानाकडे बघत. काही ताईला बोलून दाखवत, काही वाट बदलत. काका घरी आले, हिंडूफिरू लागले. सून मात्र समोर आली तरी बोलत नव्हती.

सोळाव्या दिवशी दुकान उघडले तेव्हा पहिली आली ती सूनच. तिने चिठ्ठी काउंटरवर ठेवली. ताईने फोन ड्रॉवरमध्ये टाकला, वरच्या कप्प्यातून खोके काढले आणि तीन स्ट्रिप पुढे ठेवत मोठ्याने वाचले, "एक मिलिग्रॅम. तीस गोळ्या. संध्याकाळी दोन."

सुनेने त्या पिशवीत टाकल्या नाहीत. पहिली स्ट्रिप उचलून ती दाराच्या उजेडात गेली आणि मागचे बारीक अक्षर ओठ हलवत वाचू लागली. चिठ्ठी बघायची, पुन्हा स्ट्रिप बघायची. मग दुसरी. मागे चार माणसे उभी होती. त्यांतल्या एकाने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"सावकाश बघ," ताई म्हणाली आणि काउंटरवरचे दोन्ही हात खाली घेऊन उभी राहिली.