गाळलेल्या नावांची रेघ

बिबवेवाडीच्या त्या मंगल कार्यालयात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. मूत्रपिंडाचे रुग्ण, त्यांचे नातेवाईक, शिवाय नुसते बघे. पडद्यावर निळी रेघ उमटली, दर आठवड्याला एक पायरी खाली उतरलेली, आणि सगळ्यांनी हात जोडले.

"रेघ उतरली, रोग उतरला!" आलेखानंद महाराज माइकवर गरजले. "मी नाही बोलत, संगणक बोलतो. संगणक खोटं बोलतो का?"

"नाही!"

पूर्णिमाही ओरडली. हिंजवडीतल्या कंपनीत ती परदेशी गिऱ्हाइकांसाठी असेच आलेख काढायची. पण तिच्या नवऱ्याची, दत्तप्रसादची, मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी डायलिसिस ताबडतोब सुरू करा म्हणून बजावलं होतं आणि रक्त गाळणाऱ्या त्या यंत्राचं नाव निघालं की ती विषय बदलायची. बुडत्याला काडीचा आधार, तसा तिला या रेघेचा. महाराजांचा काढा सुरू करून पाच आठवडे झाले होते.

ती रेघ म्हणजे सगळ्या रुग्णांच्या क्रिएटिनिनची सरासरी. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात हे वाढतं. दत्तप्रसादचं वाढतच होतं. सहाचं साडेआठ झालं होतं. तिने विचारलं तेव्हा महाराज गोड हसले.

"एकट्याचा आकडा म्हणजे अहंकार, ताई. रेघ सामूहिक आहे. तिच्यात विरघळा."

शहाण्या बाईने तिथेच चपला पायात घालायच्या. ही विरघळली! वर महाराजांनी तिला 'आलेखसेवा' बहाल केली.

पुढच्या गुरुवारी सभेआधी साई नावाच्या शिष्याने तिच्यापुढे लॅपटॉप आणि रजिस्टर ठेवलं. "सिंपल आहे, मॅडम. नवे रिपोर्ट भरायचे. जे येत नाहीत त्यांची लाइन डिलीट मारायची. मागच्या आठवड्यांच्या सरासरीला हात लावायचा नाही."

"येत का नाहीत?"

"श्रद्धा कमी पडली असेल."

गाळायचं पहिलंच नाव होतं मांजरी गावच्या हिंमतरावांचं. क्रिएटिनिन अकरा. सोमवारीच ते वारले होते. त्यांच्या पत्नी वेणूबाई तरीही पुढच्या रांगेत बसल्या होत्या, कारण उतरत्या रेघेत तुमच्या मालकांचं पुण्य आहे, असं महाराजांनी त्यांना सांगितलं होतं.

पूर्णिमाने नाव पुसलं. सरासरी तत्क्षणी खाली आली. रेघ एक पायरी उतरली.

तिने लॅपटॉपवरून हात काढला. कंपनीत कुठलाही आलेख समोर आला की तिचा पहिला प्रश्न असे, किती जणांचा? सहा आठवडे तिने तो विचारला नव्हता. उत्तराची भीती वाटत होती, दुसरं काय! तिने रजिस्टर उलटलं, त्यात दर आठवड्याचे सगळ्यांचे आकडे होते. सुरुवातीला नावं चाळीस, आता अकरा. जे जास्त आजारी होते ते आधी गेले, कुणी दवाखान्यात, कुणी स्मशानात.

सभा भरली तेव्हा पडद्यावर निळी रेघ नव्हती. प्रत्येक रुग्णाची वेगळी, अशा चाळीस रेघा होत्या. जवळजवळ सगळ्या वर चढणाऱ्या, बऱ्याचशा मध्येच तुटलेल्या.

महाराज दचकले. "संगणकाला बाधा झाली आहे!"

"बाधा नाही, महाराज. फक्त आज कुणाला गाळलं नाही. संगणक खोटं बोलत नाही, असं आपणच म्हणालात ना?" पूर्णिमा लोकांकडे वळली. "नापास पोरांची नावं हजेरीपटावरून काढली की वर्गाची सरासरी वाढते. म्हणून कुणी हुशार होत नाही. इथे कुणीही बरं झालेलं नाही. माझा नवराही नाही."

वेणूबाई उठल्या. "माज्या मालकांची रेघ कंची हाय?"

"सगळ्यात वरची, मावशी. मी आज पुसली होती. परत घातली."

वेणूबाई महाराजांकडे वळल्या. "पुन्य हाय म्हनलास, आन् नाव पुसाया लावलंस?"

महाराज माइक सोडून मागच्या दाराकडे सरकले. पुढचा गोंधळ बघायला पूर्णिमा थांबली नाही. घरून दत्तप्रसादला रिक्षात घालून तिने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, परिचारिकेला हाक मारली आणि मग हळूच विचारलं, "इतके दिवस कुठे होतात तुम्ही?" यंत्र रात्रभर चाललं. तो वाचेल की नाही, हे सकाळीही कुणी सांगेना.

तेव्हा वाचकहो, फसायचंच ठरवलं तर आलेख काढणाराही फसतो. कुणी देखणी रेघ दाखवली तर गाळलेली नावं मागा. तो देत नसेल तर वाद घालत बसू नका. उठा आणि आपल्या माणसाला डॉक्टरकडे न्या. आजच.