सहाव्या पावलावरचा पाचोळा

मी एक जुनं दाताळं आहे. लोखंडी पट्टीला दहा दात आणि मागे लांब लाकडी दांडा, एवढाच माझा देह. दहांतले दोन दात कधीच पडले. हसू नका मित्रांनो, दात काढायचा मान या गोष्टीत फक्त माझा आहे!

माझे दात घडवले गावाच्या टोकाला राहणाऱ्या लोहाराने. दांडा बसवला सुतारकाकांनी. काचेच्या तुकड्याने घासून त्यांनी तो असा गुळगुळीत केला, की धरणाऱ्याच्या हातात कुसळ म्हणून जाऊ नये. मग त्यांनी मला कुंपणावरून शेजारच्या बाईंच्या हाती दिलं आणि वापरून बघा म्हणाले.

या बाई टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या. पार्सलची गाठ जरा सैल दिसली की परत पाठवायच्या, म्हणून सगळा गाव त्यांना मागून शिस्तबाई म्हणायचा. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

आमचं गाव झाडीने भरलेल्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. उन्हाळ्यात डोंगर वाळून कोरडाठाक होतो. एका वर्षी पलीकडच्या खोऱ्यात वणवा लागला आणि दोन वस्त्या जळाल्या. तेव्हा वनरक्षकाने शाळेत सगळ्यांना बोलावलं. तो म्हणाला, आगीची भिंत चालून येईल म्हणून तुम्ही घाबरता, पण घरं पेटतात ती बहुतेक वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी. ठिणगीला खायला काही मिळालं नाही, तर ती जागच्या जागी विझते. म्हणून घराच्या भिंतीपासून पाच पावलं जमीन उघडी ठेवा. पाचोळा नको, सरपण नको, छपराच्या पन्हळीत वाळकी पानं नकोत.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी पावलं मोजली. रोज सकाळी चहाआधी आम्ही दोघं कामाला लागायचो. पुढचं अंगण, मागचं अंगण, पन्हळीखालची जागा. पाच पावलांत एक काडी सापडली असती तर बाईंनी मलाच जाब विचारला असता. वनरक्षक पाहणीला आला तेव्हा म्हणाला, असं अंगण साऱ्या गावात नाही. बाई फुलल्या. खोटं कशाला बोलू, मीही फुललो.

पण तो सगळा पाचोळा जायचा कुठे? सहाव्या पावलावर. तिथे बाईंचं कुंपण होतं आणि कुंपणाला लागूनच सुतारकाकांच्या शेडची फळ्यांची भिंत. त्या शेडवर काकांचं पोट होतं. त्यांच्या वडिलांचा रंधा आत होता, करवती होत्या, वर्षानुवर्षं वाळवलेलं लाकूड होतं. त्या भिंतीशी मी रोज थोडा थोडा ढीग रचत होतो.

सुतारकाकांनी दोनदा विषय काढला. बाई म्हणाल्या, कंबर धरलीये, पुढच्या आठवड्यात उचलते. मग काका गप्प बसले. माणूस फार भिडस्त. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही. आठवडे गेले, ढीग कमरेएवढा झाला आणि बाईंनी मला त्याच्यावरच टेकवून ठेवलं.

मग एका दुपारी वारा फिरला. डोंगरावर धूर दिसला, भोंगा वाजला. बाई एक पिशवी घेऊन ट्रकमध्ये चढल्या, काका-काकूही चढले. तासाभरात गाव रिकामा झाला आणि ठिणग्या आल्या. बाईंच्या अंगणात कितीतरी पडल्या. उघड्या मातीत थोडा वेळ लाल राहिल्या आणि विझल्या. वनरक्षकाचं बोलणं खरं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. एक ठिणगी मात्र ढिगात पडली. मला दात होते, पण तोंड नव्हतं. आधी पाचोळा पेटला, मग माझा दांडा, मग शेडची भिंत. अग्निशामक गाडी आली तेव्हा काकांचं राहतं घर वाचलं, पण शेड संपली होती.

तिसऱ्या दिवशी सगळे परतले. लोक म्हणाले, वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं? बाईंचं घर जसंच्या तसं उभं होतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलंही नसतं. पण सुतारकाकांनी राखेतून माझी काळी पट्टी उचलली. मी कुठे सापडलो ते त्यांनी पाहिलं. तेव्हा बाईच पुढे झाल्या.

"ढीग माझा होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतंत."

काकांनी माझ्यावरची राख पुसली. मग म्हणाले, "दोनदाच सांगितलं. शेड माझी होती, तिसऱ्यांदा सांगायला काय झालं होतं मला?"

बाईंनी त्याच संध्याकाळी आपली पुढची खोली रिकामी केली. आता काकांचं काम तिथे चालतं. ज्या खोलीत कुणी चपला घालून यायची सोय नव्हती, तिथे लाकडाचा भुसा उडतो आणि बाई दिवसातून तीनदा झाडू मारतात. कुरकुरतात, पण मारतात. भुसा लांबच्या खड्ड्यात जातो. वडिलांचा रंधा मात्र परत आला नाही. काका नव्या रंध्याने काम करताना कधी कधी मध्येच थांबतात, तेव्हा बाई दुसरीकडे बघतात.

त्या खोलीत पहिली वस्तू तयार झाली ती माझा नवा दांडा. बाई म्हणाल्या, हा आधीपेक्षा हातभर लांब झालाय. काका म्हणाले, "मुद्दामच केलाय. कुंपणापलीकडे पोचायला हवा."

मित्रांनो, आपलं अंगण झाडता ते चांगलंच करता. पाच पावलं जरूर मोजा. पण पाचोळा सहाव्या पावलावर ढकलण्याआधी एकदा मान वर करून बघा. तिथून दुसऱ्या कुणाचं पहिलं पाऊल सुरू होतं.