शेजारचे दोन दात

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी करंजीच्या घाटात शेळ्यांचा कळप रस्त्यावर उतरला, पाथर्डीकडे जाणारी गाडी करकचून थांबली आणि अंबिका नेवासकरचे वरचे समोरचे दोन दात पुढच्या बाकाच्या लोखंडी दांडीवर आपटून तुटले. १९७२ साल, फाल्गुनाचे शेवटचे दिवस. अंबिका सत्तावीस वर्षांची, तिसगावला शिक्षिका. रोज नगरहून जा-ये करायची. तिचा साखरपुडा झाला होता आणि लग्न वैशाखात होतं.

शेजारच्या म्हातारीने बाकाखाली वाकून तुकडे शोधले आणि अंबिकाच्या रुमालात बांधून दिले.

"जपून ठिवा बाई. डाक्टर बसवत्यात परत."

"म्हातारे, दात म्हंजी काय बटन हाय व्हय, टाचून द्यायला?" मागून कोणीतरी म्हणालं.

उरलेली मुळं नगरच्या डॉक्टरांनी काढली. सूज उतरल्यावर त्यांनी अंबिकाला आणि तिच्या वडिलांना समोर बसवलं. वडील शामकांत, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून.

"एक म्हणजे कवळी," डॉक्टर म्हणाले. "टाळूला चिकटते, पुढे दोन दात. रात्री काढून पाण्यात ठेवायची. आठ दिवसांत देतो. नाहीतर पक्के दात. शेजारचे दोन तासून बारीक करायचे, त्यांवर टोप्या चढवायच्या आणि मधले दात त्या टोप्यांना जोडायचे. ते काम पुण्यात होतं."

"शेजारचे चांगले आहेत ना?" अंबिकाने तोंडावर पदर धरून विचारलं.

"अगदी उत्तम. एकदा तासले की मात्र संपलं. आणि हिरडी अजून दोन-तीन महिने आत बसत जाणार. आज पक्के बसवले तर खाली फट पडेल. सध्या कवळी घ्या, पक्क्याचं दिवाळीला बघू. नाही केलं तरी चालतं. कवळीवर माणसं जन्म काढतात."

"लग्न आहे हो वैशाखात," शामकांत म्हणाले.

"कवळीने लग्नाचं काय अडतंय?"

घरी हे ऐकून अंबिकाच्या आईने, इंदूबाईंनी, कपाळाला हात लावला. "त्या डॉक्टरचं लग्न झालंय का? मग त्याला विडा कुठला माहीत!"

लग्नातला विडा नवरीने दातांत धरायचा आणि नवऱ्याने दुसरं टोक दातांनी तोडायचं. नवरी दात घट्ट आवळते, नवरा ओढतो, भोवती दोन्हीकडची माणसं आरडाओरडा करतात. नवरा मुलगा सुमंत दाणी, नगरच्याच एका बँकेत कारकून. त्याचं घर शेवगावचं, आणि त्या घरातल्या चुलतभावंडांनी मागच्या लग्नात नवरीला पाऊण तास सोडलं नव्हतं.

कवळी आली त्या संध्याकाळी इंदूबाईंनी पानाचा लांबट विडा केला, लवंग टोचली आणि लेकीच्या तोंडात दिला.

"धर घट्ट."

त्यांनी दुसरं टोक बोटांनी ओढलं. फार जोर लावला नाही. विड्याबरोबर कवळी बाहेर आली आणि चटईवर पडली.

अंबिकाला हसू फुटलं. इंदूबाई हसल्या नाहीत.

"विडा ठेवायचाच नाही," शामकांत म्हणाले.

"का नाही, असं विचारतील. मग काय सांगणार?"

"मग पुण्याला जाऊ. पक्केच करून टाकू."

"नाना, चांगले दात तासून?"

"अंबू, तीन वर्षं लोकांना पोहे खायला घालतोय मी. एकाला पत्रिका नको होती, एकाला नोकरी नको होती. आता दातांवरून नको." ते भिंतीला टेकले. त्यांना वाद घालायचा नव्हता. "दमलो गं."

"मी सुमंतना सांगते."

"काही नडलंय का?" इंदूबाई म्हणाल्या. "लग्नानंतर कळेलच की!"

शाळेतून अजून रजेवर असलेली अंबिका दुसऱ्या दिवशी बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या लिंबाखाली उभी राहिली. सुमंत डबा अर्धा टाकून आला. तिने अपघाताचं सांगितलं, मग पाठ फिरवून कवळी काढली आणि पुन्हा त्याच्याकडे वळली.

तो बघत राहिला. "दुखतं का?"

"आता नाही."

"घाला ती. लोक बघतायत." तिने ती बसवल्यावर तो म्हणाला, "मला चालेल. म्हणजे, मला काही नाही. पण आईला सांगावं लागेल."

"सांगा."

"तुम्ही सांगायला नको होतं, असंही वाटतंय."

"मलाही," अंबिका म्हणाली.

शनिवारी तो शेवगावला गेला. सोमवारी संध्याकाळी नेवासकरांकडे आला, तो दारातच उभा राहिला. चहा नको म्हणाला. निरोप आईचा होता आणि त्याने तो खाली बघून सांगितला: मुलगी खरं बोलली, हे आवडलं. लग्न मोडायचं नाही. पण काढ-घाल करायचे दात घेऊन सून उंबरठा ओलांडणार नाही. आधी पक्के बसवून घ्या, मग पत्रिका छापू.

"डॉक्टर म्हणतात, हिरडी बसायला वेळ लागेल," अंबिका म्हणाली. "दिवाळीपर्यंत थांबता येईल का?"

"विचारलं मी. आई म्हणते, पुढं ढकललेलं लग्न आमच्याकडे लाभत नाही."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

सुमंतने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दोनच दात आहेत हो."

"चार होतील," अंबिका म्हणाली.

तो गेल्यावर शामकांतांनी चपला घातल्या आणि ओळखीच्या दुकानातून पुण्याला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारी सकाळी अकराची वेळ दिली. इंदूबाईंनी पुण्यातल्या भाचीला येत असल्याचं कळवलं. दोघांनी अंबिकाला त्याबद्दल काही विचारलं नाही, तीही आपण होऊन बोलली नाही.

त्यानंतर आठवडाभर ती कवळी लावून शाळेत गेली. मंगळवारच्या रजेचा अर्ज मात्र तिने सोमवारी शाळा सुटली तरी मुख्याध्यापकांकडे दिला नाही.