कोपरावरच्या दोन पट्ट्या

दादाला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचं अर्धवट राहिलेलं काम आपसूक धाकटीकडे आलं. दोघं भाऊबहीण एकाच कारखान्याच्या ऑफिसात. दादा यंत्रांचे भाग कॉम्प्युटरवर काढायचा. धाकटी त्याच्या फाईली दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची आणि त्या भागांवर खोटं वजन टाकून बघायची, खरा भाग टिकेल की मोडेल ते. केस पिकायला लागले तरी ऑफिसात सगळे तिला धाकटीच म्हणत.

या वेळी गाडीवर बसवायचा लांब लोखंडी हात होता. त्याच्या टोकाच्या पाळण्यात उभं राहून माणसं रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणार होती.

धाकटीने फाईल इम्पोर्ट केली. पडद्यावर हात उमटला खरा, पण कडा लालभडक. गणित करायला सॉफ्टवेअरला भरीव वस्तू लागते, आणि हा आला होता शिवण उसवलेल्या पिशवीसारखा, जागोजागी उघडा. तिने एकेक फट बुजवली. असली डागडुजी तिच्या डाव्या हातचा मळ होती. तो हात जिथे दुमडतो त्या कोपराशी मात्र ती अडली. तिथे दादाने एकाच जागी दोन पट्ट्या काढल्या होत्या, एक जाड, एक पातळ, टोकांशी एकमेकींत घुसलेल्या, मध्ये रिकाम्या. त्यातली खरी कोणती ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"जाड ठेव की सरळ," साहेब म्हणाले.

"ठेवून बघितली. हात टिकतो, पण इतका जड होतो की पूर्ण लांब केला तर गाडीच कलंडेल. पातळ ठेवली तर कोपरातच मोडतो."

"मग त्याच्या डोक्यात होतं तरी काय?"

"तेच तर."

"त्यालाच विचार ना," साहेब बोलून गेले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

तरीही दुपारी लॅपटॉप घेऊन ती दादाच्या घरी गेलीच. झटक्याने दादाची उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणं गेलं होतं. एकच शब्द उरला होता, 'परवा'. चहा हवा असला तरी परवा, उशी टोचली तरी परवा, रागावला की मोठ्याने परवा. सुरुवातीला वहिनी हसायची. आता हसत नव्हती.

धाकटीने लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. लोखंडी हात दिसताच दादाचे डोळे लकाकले. त्याला ओळख पटली होती, यात शंकाच नव्हती.

"दादा, ही जाड पट्टी ठेवायची?"

दादाने मान हलवली. हो.

तिचा जीव भांड्यात पडला. पण तिला राहवेना. "की ही पातळ?"

दादाने पुन्हा मान हलवली. तशीच, तितक्याच खात्रीने.

"अगं, त्यांच्या हो ला काही अर्थ नाही," वहिनी दारातून म्हणाली. "सकाळी पाणी हवंय का विचारलं तर हो म्हणाले, पेला नेला तर ढकलून दिला."

दादाने डावं बोट पडद्यावर टेकवलं. जाड पट्टीवर, मग पातळ पट्टीवर, मग दोन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेवर. तिथे काहीच नव्हतं. तो तिथेच बोट घासत राहिला.

"इथे काय? भोक पाडायचं? आधार द्यायचा? वेगळं लोखंड वापरायचं?"

"परवा," दादा म्हणाला. मग घाईघाईने, "परवा, परवा, परवा." काहीतरी नीट, सविस्तर सांगत असल्यासारखे चढउतार होते त्या आवाजात. शेवटी त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं. डाव्या हाताने त्याने लॅपटॉप इतक्या जोरात लोटला की धाकटीने तो कसाबसा झेलला.

ऑफिसात परतल्यावर तिने त्या मधल्या जागेत सुचेल ते करून बघितलं. कोपर कधी फाटायचं, कधी वाकायचं. दादाच्या मनातलं ते हे नाही, एवढंच तिला दर वेळी कळायचं. शेवटी साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"मी नव्या माणसाला पहिल्यापासून काढायला सांगतोय. वाईट वाटून घेऊ नकोस."

तिने जाऊन दादाची फाईल बंद केली.

नवी फाईल आली ती एका फटक्यात आत गेली. एकही कड लाल नाही. हात आखूड होता, उंच दिव्यांपर्यंत पोचणार नव्हता, पण टिकत होता. धाकटीने तसं लिहून दिलं आणि तो मंजूर झाला.

तिने ते दादापासून लपवलं नाही. पलंगाशी बसून म्हणाली, "तुझं मला जुळवता आलं नाही रे. दुसऱ्याने नवीन काढलं." आणि नवं चित्र त्याच्यापुढे धरलं.

दादाने ते बराच वेळ पाहिलं. कोपराशी त्याची नजर थांबली, पुढे गेली, परत मागे आली. आवडलं की नाही, कळलं की नाही, तिला काहीच ओळखता येईना. एका आईच्या पोटची असून येईना. मग त्याने डोळे मिटून घेतले.

"धर गं जरा," वहिनी म्हणाली. "एकटीला यांना कुशीवर वळवता येत नाही मला."

धाकटीने लॅपटॉप खाली ठेवला आणि दादाच्या खांद्याखाली हात घातले. तो तिला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी जड होता.